विश्लेषण : संघात कोणाची निवड होणार, हे आधी ओळखता येते का? नागपूरच्या सी. के. नायडूंचे आयुष्य काय सांगते?

कन्हान नदीकाठच्या खाप्यात किंवा शेजारच्या सावनेरात एखादा मुलगा बरा खेळू लागला की घरात आणि चौकात एकच प्रश्न सुरू होतो : याची निवड होईल का? निवड चाचणीच्या आधी नावांचे अंदाज बांधले जातात, यादी लागल्यावर ते चुकतात आणि मग वशिल्याची चर्चा रंगते. ही चर्चा नवी नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू याच नागपूरचे. त्यांच्या कारकीर्दीतील जवळपास प्रत्येक मोठे वळण हे निवडीचे वळण होते. काही वेळा त्यांची निवड झाली, एकदा ती हातातून निसटली आणि पुढे तेच निवड करणाऱ्यांच्या खुर्चीत बसले. निवडीचा अंदाज नेमका कशावरून बांधावा, याचे उत्तर शोधताना त्यांच्या आयुष्याकडे पाहणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

जगात असे अंदाज कुठे बांधले जातात?

याचा सर्वात मोठा बाजार अमेरिकेत भरतो. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने वाटून घेतात. मागच्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिला खेळाडू उचलण्याचा मान. अशा सात फेऱ्या होतात. कोणता संघ कोणाला उचलणार, याचे अंदाज तिथली वृत्तपत्रे कित्येक महिने आधीपासून छापतात. त्यासाठी खेळाडूची उंची, वजन, ४० यार्ड धावण्याचा वेळ, महाविद्यालयातील कामगिरी आणि संघाची गरज असा सगळा हिशेब मांडला जातो.

तरीही हे अंदाज चुकतात. हा ड्राफ्ट पहिल्यांदा १९३६ मध्ये झाला. त्यात सर्वात पहिल्यांदा निवडला गेलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. उलट २००० साली थेट १९९ व्या क्रमांकावर उचलला गेलेला टॉम ब्रेडी पुढे सात वेळा विजेत्या संघात होता. इतकी आकडेमोड करूनही असे घडत असेल, तर आकडेमोडच नसलेल्या काळात काय होत असेल? भारतीय क्रिकेटमध्ये त्याच १९३६ साली काय घडले, ते पुढे येईलच.

नायडूंचे नागपूरशी नाते काय?

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू भाषक. आजोबा नारायणस्वामी नायडू मूळचे मछलीपट्टणमचे. वकिली करणारे, मोठी जमीन बाळगून असलेले आणि काँग्रेसच्या आरंभीच्या काळातील सदस्य. वडील सूर्यप्रकाश राव केंब्रिजला शिकले. तिथे त्यांच्याच काळात रणजितसिंहजी होते. पुढे वडिलांनी होळकर संस्थानाच्या उच्च न्यायालयात काही काळ न्यायाधीश म्हणूनही काम केले. म्हणजे मुलाला खेळायला मोकळीक होती, घरात क्रिकेटची ओळख होती आणि पोटापाण्याची चिंता नव्हती. कनकैया सातव्या वर्षीच शाळेच्या संघात गेला. धाकटे बंधू सी. एस. नायडू यांचाही जन्म नागपूरचाच. तेही लेगस्पिनर म्हणून पुढे भारताकडून ११ कसोटी सामने खेळले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या काळी सी. के. नायडूंइतके अंगभूत कौशल्य असलेली मुले नागपूर जिल्ह्यात आणखीही असू शकतील. पण मैदान, बॅट आणि सवड या तीन गोष्टी फार थोड्यांना मिळत. निवडीची पहिली चाळणी निवड समितीच्या किती तरी आधी लागलेली असते.

मोठ्या क्रिकेटमध्ये प्रवेश कसा झाला?

त्या वेळी रणजी करंडक नव्हता. देशातील सर्वात मानाची स्पर्धा म्हणजे मुंबईची चौरंगी स्पर्धा. त्यात हिंदू, पारशी, मुस्लीम आणि युरोपीय असे चार संघ खेळत. संघच धर्मावर उभे असल्याने निवडही आपापल्या जिमखान्याच्या हाती असे. त्यात जातही आडवी येई. पालवणकर बाळू हे त्या काळातील सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. पण दलित असल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. बराच वाद झाल्यावर १९२३ मध्ये त्यांचे बंधू पालवणकर विठ्ठल यांच्याकडे ते आले आणि त्यांनी संघाला विजय मिळवून दिला.

याच हिंदू संघातून नायडू १९१६ मध्ये युरोपीय संघाविरुद्ध पहिल्यांदा खेळले. वय २१. संघाचे ७ गडी ७९ धावांत बाद झाले असताना ते फलंदाजीला आले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा थेट सीमेपलीकडे भिरकावला. पुढची चार दशके लोकांनी त्यांच्याकडून हेच पाहिले. उंच, सरळ बांधा, लष्करी शिस्त आणि हवेतून फटका मारायला अजिबात न कचरणारी बॅट. सोबत उपयोगी गोलंदाजी आणि चपळ क्षेत्ररक्षणही होते.

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. खेळाडूला पगार देणारी क्रिकेटची नोकरी तेव्हा नव्हती. संस्थानिकाचा आश्रय हाच खेळाडूचा आधार होता. नायडू नागपूर सोडून इंदूरला गेले ते कायमचे. पुढे ते कर्नल झाले आणि लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

१९२६ च्या एका खेळीला एवढे महत्त्व का?

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ भारतात आला. मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्ध या पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या. त्यात गाय अर्ल यांच्या षटकारांनी प्रेक्षक थक्क झाले होते. १ डिसेंबर १९२६ रोजी नायडू मैदानात उतरले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा करून बाद झाले. त्यात ११ षटकार होते. एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. खेळ सुरू असताना बातमी शहरभर पसरली आणि माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

या खेळीचा परिणाम एका सामन्यापुरता राहिला नाही. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या बरोबरीने खेळू शकतात, याची गिलिगन यांना खात्री पटली. भारताने स्वतःचे मंडळ स्थापून कसोटी दर्जा मागावा, असा आग्रह त्यांनी धरला. डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. आता प्रश्न होता तो पहिल्या कसोटी संघाचा. कामगिरीवर अंदाज बांधायचा तर कर्णधाराचे नाव उघड होते.

मग १९३२ मध्ये कर्णधार म्हणून दुसऱ्याचेच नाव का आले?

कारण निवडीची सूत्रे पैशाच्या हाती होती. इंग्लंड दौऱ्यासाठी निवड चाचण्या घेणे, खेळाडूंना महिनाभर ठेवून घेणे, प्रवासाचा खर्च करणे हे मंडळाला झेपणारे नव्हते. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी तो भार उचलला. साहजिकच कर्णधार म्हणून पहिले नाव त्यांचे आले. उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी आणि त्यांच्याखाली विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे ‘विझी’. पुढे पतियाळांनी माघार घेतली, विझीही गेले नाहीत आणि पोरबंदरचे महाराज नटवरसिंहजी कर्णधार झाले. गुणवत्तेच्या यादीत सर्वात वर असलेले नायडू या पदांच्या यादीत कुठेच नव्हते.

राजकारणाचाही परिणाम झाला. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाली. त्याच्या निषेधार्थ विजय मर्चंट, एल. पी. जय आणि चंपक मेहता यांनी दौऱ्यासाठी उपलब्ध नसल्याचे कळवले. म्हणजे संघात कोण नव्हते, याचेही कारण धावांमध्ये शोधून चालणार नव्हते. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनीही १९२६ मध्ये याच एमसीसीविरुद्ध १४८ धावांची खेळी केली होती. दौऱ्याच्या वेळी ते चाळिशीत होते आणि त्यांचा विचार झाला नाही. याच देवधरांनी पुढे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला.

लॉर्ड्सवर ऐन वेळी काय बदलले?

इंग्लंडला पोहोचल्यावर पोरबंदर महाराजांनी शहाणपणा दाखवला. दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या एकूण धावा दोन आकडीही झाल्या नाहीत. आपली जागा मैदानाबाहेर आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. उपकर्णधार घनश्यामसिंहजी जायबंदी होते. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व नायडूंकडे आले. काही सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते. संस्थानिकाच्या हाताखाली खेळणे त्यांना चालत होते, पण आपल्यातल्याच एका शिस्तप्रिय माणसाचा हुकूम मानणे जड जात होते. शेवटी वरून तंबी आली आणि संघ मैदानात उतरला.

सामन्याचा निकाल काय लागणार, याबाबत लंडनमध्ये कोणाला शंका नव्हती. दहाच दिवसांपूर्वी पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ यांनी यॉर्कशायरकडून ५५५ धावांची विश्वविक्रमी सलामी दिली होती. तीच जोडी भारतासमोर आली आणि महंमद निस्सारने दोघांचेही त्रिफळे उडवले. पाठोपाठ वुली धावबाद झाले. इंग्लंड ३ बाद १९. सगळे अंदाज पहिल्या अर्ध्या तासातच कोलमडले. पुढे कर्णधार जार्डिन यांनी डाव सावरला आणि भारत १५८ धावांनी हरला, पण हा संघ नवखा असला तरी लेचापेचा नाही हे दिसले. क्षेत्ररक्षण करताना हाताला झालेली दुखापत घेऊन नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा काढल्या. त्या डावातील भारताची ती सर्वोच्च धावसंख्या ठरली.

संपूर्ण दौऱ्यात नायडू प्रथम श्रेणीचे सर्व २६ सामने खेळले. १,६१८ धावा आणि ६५ बळी ही त्यांची कमाई. एजबॅस्टनला त्यांचा एक षटकार मैदानाला लागून वाहणाऱ्या रे नदीपलीकडे गेला. नदी ही दोन काऊंटींची हद्द असल्याने चेंडू दुसऱ्या काऊंटीत गेल्याची गंमत लोक वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९३३ मध्ये विस्डेनने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची गणना केली.

१९३६ मध्ये हाती आलेले पद कसे गेले?

१९३३-३४ मध्ये जार्डिन यांचा संघ भारतात आला, तेव्हा तिन्ही कसोटींत नायडूच कर्णधार होते. मुंबईतील कसोटीत लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले, तेव्हा समोर ६७ धावा करणारे नायडू उभे होते. मालिका २-० अशी गेली, पण नेतृत्वाला पर्याय दिसत नव्हता.

तरीही १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी मंडळाने मत दिले ते विझींना. मते मिळवण्याची त्यांची तयारी बॅटिंगपेक्षा किती तरी चांगली होती. त्यांनी खेळाडूंवर, पाहुण्यांवर आणि पदाधिकाऱ्यांवर सढळ हाताने खर्च केला होता. कसोटीतील त्यांची एकूण कमाई तीन सामन्यांत ३३ धावा. दौऱ्यात गटबाजी इतकी वाढली की, भरात असलेल्या अमरनाथ यांना शिस्तभंगाच्या नावाखाली कसोटी मालिकेआधीच मायदेशी पाठवण्यात आले. पुढे नेमलेल्या ब्यूमाँट समितीने अमरनाथ यांना निर्दोष ठरवले आणि विझींच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले.

नायडू त्या संघात साधे खेळाडू म्हणून होते. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा उसळता चेंडू त्यांना जोरात लागला. तरी ते उभे राहिले आणि त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतील ही त्यांची सर्वोच्च आणि शेवटची खेळी. वय ४०. सात कसोटी, ३५० धावा, सरासरी २५. हे आकडे पाहून आजचा मुलगा विचारेल की एवढे नाव कशासाठी? उत्तर असे की, भारताला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा त्यांच्या आयुष्याची ३६ वर्षे उलटून गेली होती. आकडे खरे असतात, पण ते कोणत्या वयात आणि किती संधींतून आले, हे विचारल्याशिवाय ते काहीच सांगत नाहीत.

खेळाडू हेरणारा म्हणून नायडू कसे होते?

इथे त्यांची दुसरी बाजू दिसते. इंदूरमध्ये त्यांनी मुश्ताक अली या पोराला किशोरवयातच हेरले आणि हाताशी धरून घडवले. परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय तोच ठरला. होळकर संघात त्यांनी चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, माधवराव जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू जमवले. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत या संघाने आठ वेळा रणजीची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. म्हैसूरविरुद्ध एकाच डावात होळकरच्या सहा जणांनी शतके केली, त्यातील एक पन्नाशीतील कर्णधाराचे होते. पुढे मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांच्या चेंडूने त्यांचे दात पडले. खेळपट्टीवरचे रक्त आणि दात बाजूला सारून त्यांनी पुन्हा पवित्रा घेतला.

त्यांची शिस्त मात्र कडक होती आणि तीच कधी कधी निवडीच्या आड आली. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी ते राष्ट्रीय निवड समितीचे प्रमुख होते. विनू मांकड यांना इंग्लंडमधील हॅस्लिंग्डन क्लबकडून व्यावसायिक कराराचा प्रस्ताव होता. दौऱ्यासाठी निवड नक्की असेल तर करार सोडतो, एवढीच त्यांची विचारणा होती. कोणालाही आधी हमी देणार नाही, अशी भूमिका समितीने घेतली. तत्त्व म्हणून ती योग्यच वाटेल. पण मांकड हे तेव्हा देशातील सर्वोत्तम अष्टपैलू होते आणि व्यावसायिक खेळाडूच्या पोटाचा प्रश्न होता. ते क्लबकडे गेले. हेडिंग्लेला भारताची दुसऱ्या डावात शून्य धावांत चार बाद अशी अवस्था झाली. मग क्लबला विनंती करून मांकड यांना बोलावण्यात आले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले.

ज्या नायडूंना १९३२ आणि १९३६ मध्ये गुणवत्ता असून डावलले गेले, त्यांच्याच समितीकडून हे घडले, यात शिकण्यासारखे बरेच आहे. अन्याय सोसलेला माणूस खुर्चीत बसला म्हणून निवड आपोआप न्याय्य होत नाही. त्यासाठी पद्धत लागते.

मग अंदाज कशावरून बांधावा?

नायडूंच्या आयुष्यावरून तीन प्रश्न हाती लागतात. पहिला, कामगिरी कोणासमोर झाली? १९२६ ची खेळी मोठी ठरली, कारण समोर एमसीसीचा संघ होता. दुसरा, संघाला आज गरज कशाची आहे? देवधर आणि मांकड यांच्या बाबतीत हा प्रश्न नीट विचारला गेला नाही. तिसरा, निर्णय कोणाच्या हाती आहे आणि त्याला काय हवे आहे? १९३२ आणि १९३६ मध्ये अचूक अंदाज बांधायचा तर धावफलकापेक्षा मंडळाचा हिशेब वाचणे भाग होते. अमेरिकेतील ड्राफ्टमध्ये निदान कोणाची पाळी कधी, हे सर्वांना आधीपासून ठाऊक असते. जिथे नियम उघड असतात तिथे अंदाज चुकला तरी संशय उरत नाही. जिथे ते झाकलेले असतात, तिथे बरोबर निवडीवरही लोकांचा विश्वास बसत नाही.

खाप्याच्या मुलासाठी यात काय आहे?

नायडू थांबायला तयार नव्हते. १९५६-५७ मध्ये वयाची साठी ओलांडल्यावर त्यांनी उत्तर प्रदेशकडून रणजी सामन्यात ८४ धावा केल्या. त्याच १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २०७ प्रथम श्रेणी सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी एवढी शिदोरी मागे ठेवून १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले.

आज परिस्थिती बदलली आहे. सावनेर तालुक्यातीलच वलनीच्या कोळसा खाण वसाहतीत वाढलेला, पोलीस भरतीत हुकलेला उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला. त्याच्या विशीपर्यंत त्याचे नाव कोणत्याही अंदाजात नव्हते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला.

आता खाप्यातल्या मुलाला ज्या पायऱ्या चढायच्या आहेत, त्यांची नावे पाहा. सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालील विनू मांकड करंडक आणि तेवीस वर्षांखालील कर्नल सी. के. नायडू करंडक. पहिला स्वतःहून दौऱ्याला गेला नाही, दुसऱ्याला हमी नाकारली गेली आणि तिसऱ्याचे कर्णधारपद मतदानात गेले. तिघांचीही गणिते निवडीच्या वेळी चुकली होती. तरी आज त्यांच्याच नावाच्या स्पर्धांतून पुढचे संघ निवडले जातात. यादीत नाव नसलेल्या मुलाच्या घरी हे आवर्जून सांगावे. आणि यादी करणाऱ्यांनी ती कशी केली, हेही तेवढ्याच मोकळेपणाने सांगावे.